औषधापुरतं खोबरेल

लढाईची वर्षं होती आणि मी भोरला राहत होते. साखर, रॉकेल, कापड, सगळ्याचीच टंचाई. किराण्याच्या दुकानापुढे सकाळपासून बायांची रांग लागायची. एकदा माझ्यापुढे कचेरीतल्या एका बड्या कारकुनाची बायको उभी होती. तिचा नंबर आला तसा तिने आवाज खाली आणला, फळीवर वाकली आणि दुकानदाराला म्हणाली, "आमच्या वाट्याची साखर मी नेली आहे हो. पण जरा औषधापुरती आणखी मिळाली तर बघा."

मी मागून विचारलं, "कोण आजारी आहे?"

चांगलं खणखणीत विचारलं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते, आवाजाला काही कमी नव्हतं. बाई दचकून मागे वळली. "अहो, कोणी नाही," ती म्हणाली, "आपलं घरात असावं म्हणून."

"मग औषध कशाला म्हणता? साखर हवी म्हणा."

बाईचं तोंड उतरलं आणि ती साखर न घेताच निघून गेली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आमच्या आळीत पोचली. शाळेतली ती बाई भारी खवचट, तिच्या जिभेला हाड नाही, असं बोललं गेलं. बोलू देत. मला त्या दिवशी लाज वाटली नाही आणि पुढेही कधी वाटली नाही. कोणी माझ्यासमोर औषधापुरतं काही मागितलं की मी विचारतेच, कोण आजारी आहे. दहातली नऊ माणसं चिडतात. दहावं कोणी भेटेल म्हणून मी विचारते.

असं का, ते सांगायचं तर वेल्ह्याला जावं लागेल, मी परकरातली पोर होते त्या काळात.

आमची वाडी तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याच्या बाजारापासून तासाभराच्या वाटेवर. भात, नाचणी, वरी घरची. बाकी सगळ्याला वाण्याचं तोंड बघायचं, आणि वाण्याचं दुकान म्हणावं असं तिथे तेव्हा एकच होतं. बाया पदराखाली नाचणी नाहीतर हिरडा घेऊन जायच्या आणि त्याच्या बदल्यात थोडंसं काही घेऊन यायच्या. थोडं म्हणजे किती थोडं, हे आजच्या माणसाला सांगून पटायचं नाही. तळव्याच्या खळग्यात मावेल एवढा गूळ. बुधली तिरपी केली तरच दिसेल एवढं तेल.

आणि एवढं थोडं मागायचं तर त्याला रीत होती. लग्नात रुसवेफुगवे सांभाळत नसतील इतकी ती सांभाळली जायची. दुकानात गेल्या गेल्या काही मागायचं नाही. आधी ओट्याच्या कडेला टेकायचं, घाम पुसायचा, मोठं सामान नेणारी गिऱ्हाइकं आटपू द्यायची. वाण्याच्या घरची खुशाली विचारायची. मग उठता उठता आठवल्यासारखं करून म्हणायचं, "अन् व्हय शेट, जरा तेल द्या, देवापुरतं." देवापुरतं, नाहीतर औषधापुरतं. कारणं ही दोनच. नुसतं 'थोडं द्या' असं कोणी म्हणत नसे. थोडं द्या म्हटलं म्हणजे हात पसरला.

रीत वाण्यालाही होती. त्याने 'एवढंच?' असं कधी विचारायचं नाही. माप करताना गिऱ्हाइकाकडे पाठ करायची, म्हणजे पळीत किती आलं ते ओट्यावरच्या लोकांना दिसत नाही. गुळाच्या खड्याला कागद मात्र चांगला मोठा घ्यायचा. पुडी बघून वाटावं, पावशेर तरी असेल. ओट्यावर बसलेल्यांनी तेवढ्या वेळात तोरण्याकडे बघायचं. त्या ओट्यावरून तोरणा जेवढा निरखला गेला असेल तेवढा गडावर राहणाऱ्यांनीही कधी निरखला नसेल.

सगळ्यांत मोठा नियम म्हणजे औषध कोणाला, हे विचारायचं नाही. त्यापेक्षा बाईला शिवी दिलेली बरी. कारण सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. देवापुरत्या तेलात कालवणाला फोडणी पडायची, औषधापुरत्या गुळावर पाहुण्याचं गूळपाणी व्हायचं. तरीही एखाद्या परगावच्या माणसाने न कळून विचारलंच, तर त्यालाही उत्तर ठरलेलं होतं. "कुनी न्हाई, आपलं असावं घरात." एवढं म्हणून हसायचं आणि निघायचं.

ही रीत माझ्या आईसारखी पाळणारी बाई आमच्या खोऱ्यात नव्हती. ती मागायला लागली की ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्या घरी कणग्या भरलेल्या आहेत आणि ही उगीच वाण्यावर मेहेरबानी करते आहे. वाणीही तिला मान देऊन "वैनी, बसा" म्हणायचा. इतर बायांना नुसतं "बस" म्हणायचा. आई घरी येऊन हे आम्हाला सांगायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची," हे तिचं आवडतं वाक्य. मूठ उघडली तर आत काय होतं, हे मला पोरीच्या जातीला रोज भाकरी थापताना दिसत होतं. पण आईचा मला फार अभिमान वाटायचा. बाजाराला जाताना मी तिच्यासारखा पदर घ्यायची नक्कल करत मागून चालायची.

उन्हाळा तोंडावर आला होता आणि देवीची जत्रा चार-सहा दिवसांवर होती. जत्रा आली की आमच्याकडच्या बायांना खोबरेल लागायचं. एरवी डोक्याला करंजाचं तेल, त्याला उग्र वास. वर्षातून एकदा जत्रेला खोबरेल लावून चापून वेणी घालायची, ही एवढीच हौस. पण हौसेला तेल मागायचं कसं? म्हणून जत्रेच्या आधी सगळं खोरं वाण्याकडे औषधापुरतं खोबरेल मागायचं. बाप्ये ओट्यावर बसून मिशीत हसायचे.

त्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ आजारी पडला. दोन वर्षांचा होता. आईला तीन पोरींवर, त्यातल्या दोघी गेल्यावर, झालेला. पण तो आईपेक्षा माझ्याच काखेत वाढला. माझी डावी काख त्याचीच होती. त्याला घेऊन मी पाणी आणायची, शेण गोळा करायची, झोपतानाही तो त्याच बाजूला. आधी त्याला सर्दी झाली, मग ताप चढला, मग एका सकाळी त्याचा श्वास वाजायला लागला. पोट भात्यासारखं वर-खाली होत होतं आणि दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. दूध तोंडात धरेना. सुईण येऊन बघून गेली. "डबा झालाय पोराला, छाती भरलीया," ती म्हणाली. "खोबरेलात कापूर घालून छाती चोळ, लगोलग चोळ."

कापूर देवापाशी होता. खोबरेल नव्हतं.

बा पहाटेच राब तोडायला रानात गेला होता. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची तर त्या दिवसांत सगळे बाप्ये रानातच असायचे. आईने बाळाला चुलतीच्या मांडीवर दिलं, बुधली घेतली, पदरात नाचणी बांधली आणि मला म्हणाली, "चल." मला का नेलं ठाऊक नाही. एकटीचे पाय उचलत नसतील. मी बाळाकडे बघितलं तर त्याने माझ्याकडे हात केला होता. मी म्हटलं, आलेच.

आम्ही जवळजवळ पळतच गेलो. पण बाजारातलं पहिलं घर दिसलं तशी आई थांबली. तिने पदर सारखा केला, तोंड पुसलं, माझे केस हाताने मागे सारले आणि सावकाश चालायला लागली. मला वाटलं, दमली असेल.

दुकानात त्या दिवशी गर्दी होती. ओट्यावर एका बाकावर भोरहून आलेले संस्थानचे डॉक्टर बसले होते. जत्रेत पटकी पसरू नये म्हणून सुया टोचायला आले होते. पायाशी त्यांची पत्र्याची पेटी, बाहेर झाडाखाली बैल सोडलेला छकडा. वाण्याने त्यांना चहा दिला होता. लोक सुईला भिऊन त्यांच्यापासून हातभर लांब बसले होते, पण डॉक्टर हसतमुख होते, येईल त्याच्याशी बोलत होते.

आई ओट्याच्या कडेला टेकली.

मी तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, आज ती थेट फळीशी जाईल. ती टेकली, तिने घाम पुसला, मोठं सामान नेणाऱ्या दोघांना आटपू दिलं. वाण्याच्या लेकीचं लग्न ठरत होतं, त्याची चौकशी केली. "पोरगा कुटला म्हनं?" असं विचारलं. तिच्या आधी आलेल्या दोन बायांनी खोबरेल मागितलं, त्यांचं होऊ दिलं. माझ्या कानात बाळाचा श्वास वाजत होता. मी तिचा पदर ओढला, तर तिने माझ्याकडे न बघता तो सोडवून घेतला.

मग ती उठली आणि आठवल्यासारखं करून म्हणाली, "अन् व्हय शेट, जरा खोबरेल द्या, औषधापुरतं."

वाणी हसला. मनाने वाईट नव्हता तो. "द्यू की वैनी. जत्रा आली म्हनल्यावर औशीद लागनारच. सकाळधरनं निम्मा डबा सपला बगा औशिदापायी."

ओट्यावरचे सगळे हसले. तेल घेऊन थांबलेल्या त्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. आणि आई पण हसली. नुसती हसली नाही, तिने लाजल्यासारखा आपल्या अंबाड्यावरून हात फिरवला. तो हात मला अजून दिसतो.

डॉक्टर परगावचे. त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. चहाचा पेला खाली ठेवून त्यांनी आईला सरळ विचारलं, "कोण आजारी आहे, बाई?"

"कुनी न्हाई हो डाक्टरसायेब," वाणीच मध्ये बोलला. "हितली बोलायची रीत हाय ती. डोक्याला लावत्यात."

डॉक्टरही हसले. पण हसून झाल्यावर पुन्हा आईकडे वळून म्हणाले, "तसं नव्हे. खरंच कोणी असेल तर सांगा. मी इथे आहे तोवर येऊन बघतो. छकडा आहे."

ओट्यावरची माणसं तोरण्याकडे बघायला लागली. आई बुधली हातात धरून उभी होती. मग ती म्हणाली, "कुनी न्हाई, आपलं असावं घरात."

"आये, बाळ..." मी एवढंच म्हणाले असेन. तिची बोटं माझ्या दंडात रुतली. चार दिवस तिथे हिरवंनिळं होतं. वाण्याने पाठ करून तेल घातलं, आईने पदरातली नाचणी त्याच्या सुपात ओतली आणि आम्ही निघालो.

मी या गोष्टीवर आयुष्यभर डोकं फोडलं आहे. ती सुईला भ्याली का? भ्यालीही असेल. पूर्वी प्लेगात आजारी माणूस सांगितलं की घर खाली करायला लावायचे, ते तिने लहानपणी बघितलं होतं. पण मला ते खरं कारण वाटत नाही. तिने त्या घडीला 'माझं पोर आजारी आहे' म्हटलं असतं, तर आजवरची तिची सगळी औषधं चारचौघांत खोटी पडली असती. इतकी वर्षं जपलेली मूठ उघडली असती. त्यात ती आत्ताच त्यांच्याबरोबर हसलेली. हसलेलं तोंड परत कसं गोळा करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिला जे शिकवलं होतं ते तिच्या तोंडून आपसूक निघालं. मला तिचा राग येतो. ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो, आणि राग आला की मागोमाग रडू येतं.

शेवटचं घर मागे पडलं तशी ती पळत सुटली. अनवाणी, बुधली छातीशी धरून. वाटेतल्या ओढ्याच्या दगडांवर तिचा अंगठा फुटला तरी थांबली नाही. मला तिच्याबरोबर पळवेना. मागून मी एकदाच ओरडले, "का न्हाई सांगितलंस?" ती वळली नाही.

घरी येऊन तिने तेल कोमट केलं, कापूर विरघळवला आणि बाळाची छाती चोळली. सगळं घर खोबरेलाच्या वासाने भरलं, जत्रेचा वास. दुपारी त्याचा श्वास जरा हलका वाटला. आई म्हणाली, "बग, उतार पडतोय." मीही म्हटलं, व्हय. दिवेलागणीला बा रानातून आला. आई त्याला काही बोलेना, म्हणून मीच सांगितलं, बाजारात डाक्टर आलाय, त्याच्यापाशी छकडा हाय, तो येतो म्हणाला होता.

बाने आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली. तो कोयता टाकून आला त्या पावलीच पळाला. पण छकडा उन्हं उतरतानाच निघून गेला होता. बा तसाच विंझर गावापर्यंत त्याच्या मागे गेला. तिथे कळलं, डॉक्टर न थांबता पुढे भोरच्या वाटेला लागले. तो परत आला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. वरच्या बांधावरून त्याला आमच्या अंगणातली माणसं दिसली आणि तो तिथेच खाली बसला.

बाळ माझ्या डाव्या बाजूलाच गेलं. त्यावर मला काही लिहवत नाही.

डॉक्टरांनी त्याला वाचवलंच असतं, असं मी म्हणणार नाही. भोरला मी पुढे दवाखाने बघितले, तिथेही पोरं जायची. वाण्यालाही मी बोल लावत नाही, तो रीतीनेच वागला. सगळेच रीतीने वागले. आणि लढाईच्या वर्षांत, एवढं एवढं मोजून घ्यायची पाळी सगळ्यांवरच आली तेव्हा, भोरच्या थोरामोठ्यांच्या बायका रांगेत उभ्या राहून वाटीभर साखर उघड्यावर घेऊन जायला लागल्या. त्यांची लाज चार महिन्यांत गेली. ते बघून माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची. इतकी ती लेचीपेची होती, तर आमच्याच घराला का ती पुरून उरली?

आमच्यात लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरताना खड्ड्यात मीठ घालतात. भरपूर लागतं. घरात मीठ होतं ते आमच्या हिशेबाचं, गाडग्याच्या तळाशी. चुलता पाटी घेऊन बाजाराला निघाला. आई तोवर भिंतीला टेकून बसली होती, रडली पण नव्हती. ती उठली आणि त्याच्या हातातली पाटी काढून घेतली. "म्या आनते," ती म्हणाली. सुतकातली बाई बाजारात जात नाही. चुलतीने तिला धरलं, म्हाताऱ्या बायका ओरडल्या. तिने सगळ्यांचे हात झटकले. ती निघाली म्हणून मी मागे निघाले. मला कोणी अडवलं नाही.

जत्रा आता अगदी तोंडावर होती, ओटा माणसांनी भरला होता. आईने पदर सारखा केला नाही. ती कडेला टेकली नाही, कोणाची खुशाली विचारली नाही. केस सुटलेले, पाय रक्ताळलेला, ती मोठ्या गिऱ्हाइकांच्या मधून सरळ गेली आणि पाटी फळीवर ठेवली.

"मीठ द्या," ती म्हणाली. "पाटीभर."

जन्मात तिने वाण्याकडे एवढं काही मागितलं नव्हतं. वाण्याचा मापाकडे गेलेला हात तिथेच राहिला. लोणच्याचे दिवस नव्हते. लोणच्याचे दिवस नसताना वाडीवरची बाई पाटीभर मीठ मागते, ते कशाला, हे दुकानात बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्याने आईच्या केसांकडे बघितलं. मग माझ्याकडे, माझ्या रिकाम्या काखेकडे बघितलं. आज तोरण्याकडे कोणीच बघत नव्हतं. वाणी गादीवरून उठून उभा राहिला आणि इतक्या वर्षांत जे त्याने कोणाला विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं.

"वैनी, कोन?"

आई पाटीच्या काठाला घट्ट धरून उभी होती. तिचे ओठ हलले, आणि तिला जे येत होतं तेच ती बोलली.

"कुनी न्हाई, आपलं असावं घरात."